गुणगौरव झाला, फोटो झाले, पुढे काय? अमेरिकेतल्या लॅटिनो इंजिनिअरांच्या संघटना कुणी जवळून पाहिल्यात का?

बुराईकाठ

नमस्कार मंडळी. मी शिंदखेडा तालुक्यातली, पुण्यात आयटीत सहावं वर्ष. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मीच.

तालुक्यातल्या नोकरदार पोरापोरींचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पुणे, नाशिक, सुरत, दोघं दुबईला, सगळे मिळून साठेक जण. गेल्या जुलैत आम्ही गावी गुणगौरव सोहळा केला. अडतीस हजार जमले. मंडप, साउंड, बॅनर, शाल-श्रीफळ, ट्रॉफ्या, पाहुण्यांचं जेवण यात पस्तीस हजार गेले. उरलेल्या तीन हजारांच्या वह्या वाटल्या.

बारावीत तालुक्यात दुसरी आलेली एक मुलगी स्टेजच्या मागे माझ्याकडे आली. "ताई, प्रवेशाच्या पहिल्या राउंडची सीट फ्रीझ करू का बेटरमेंटला थांबू?" म्हणजे मिळाली ती सीट पक्की करायची, की पुढच्या राउंडला आणखी चांगली मिळते का बघायचं. मी म्हटलं, थांब, फोटो झाला की बोलू. फोटो संपेपर्यंत शेवटची काळीपिवळी सुटायची वेळ झाली आणि तिचे वडील तिला घेऊन गेले. पुढे कळलं की नॉन-क्रिमीलेअरच्या अर्जाची नुसती पावती होती, मूळ दाखला मुदतीत अपलोड झाला नाही, सीट ओपनमध्ये गेली, फी झेपेना. आता ती गावाजवळ बीएस्सी करते. ट्रॉफी तिच्या घरी टीव्हीवर ठेवलेली आहे, मी बघून आले.

प्रश्न असा. आमच्या कंपनीच्या टेक्सास ऑफिसात लॅटिनो लोकांचा, म्हणजे मेक्सिको, क्युबा अशा देशांतून आलेल्या घरांतल्या लोकांचा, एक गट आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचा वारसा महिना असतो, तेव्हा कॉलवर एक जण सांगत होती की ती शनिवारी शाळांमध्ये जाते, त्यांच्या इंजिनिअरांची संघटना आहे, तिच्याही घरात कॉलेजला गेलेली ती पहिलीच. ऐकताना वाटलं, ही तर आमच्याच ग्रुपवर बोलतेय. कुणी हे काम जवळून पाहिलंय का? त्यातलं इथे काय चालेल?

निवृत्त_गार्ड_भुसावळ

ताई, पार मेक्सिकोपर्यंत कशाला जाता? आमच्या रेल्वे क्वार्टरात 'एम्प्लॉयमेंट न्यूज' एकच घरी यायचा. तो आठवडाभर लाईनीतल्या बावीस घरांत फिरायचा. शेवटच्या घरी पोचेपर्यंत त्यावर भाजी निवडलेली असायची, पण जाहिरात सगळ्यांनी वाचलेली असायची. माझा मोठा त्यातूनच लागला. संघटना, लॅटिनो वगैरे काही नव्हतं.

बाकी चालू द्या, ऐकतो.

पाटचारी

गार्डसाहेब, तुमचा तो भाजी निवडलेला पेपर लक्षात ठेवा, मी तिकडेच येणार आहे.

ताई, मी चोपडा तालुक्यातला. अकरा वर्षं ह्यूस्टनला होतो, रिफायनऱ्यांच्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामात. २०१८ ला परत आलो, आता केळी आणि थोडं कन्सल्टिंग. तुम्ही म्हणता त्या संघटनेचा मी सभासद नव्हतो, पण सहा-सात वर्षं त्यांच्या शनिवारी राबायला जायचो. आज शेतात लाईट नाही, मोटर बंद, म्हणून लांबण लावतो.

लॅटिनो म्हणजे एक जात नव्हे, हे आधी सांगतो. मेक्सिकोचे, पोर्तो रिकोचे, क्युबाचे, साल्वादोरचे, ग्वातेमालाचे, सगळे त्या एका शब्दात. एकमेकांच्या स्पॅनिशला नावं ठेवतात, एकमेकांच्या जेवणालाही. तिसऱ्या पिढीच्या पोरांना स्पॅनिश धड येत नाही आणि आजी त्यावरून टोमणे मारते. २०२० च्या जनगणनेत हे लोक ६ कोटी २१ लाख, म्हणजे देशात शंभरातले जवळजवळ एकोणीस. पण प्यू संशोधन केंद्राचा २०२१ चा अहवाल सांगतो की एकूण नोकरदारांत ते १७ टक्के असले तरी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांत ८ टक्केच. ह्यूस्टनमध्ये हे आकडे डोळ्यांनी दिसायचे. उन्हात छपरं घालणारे ते, लॉन कापणारे ते, हॉटेलच्या मागच्या दाराशी भांडी घासणारे ते, आणि आमच्या कंट्रोल रूममध्ये बारा जणांत एक.

तो एक माझा मित्र. त्याचं नाव नको, घरचे त्याला 'इन्हे' म्हणायचे, आपणही तेच म्हणू. मेक्सिकन लोकांत इंजिनिअरला नावाऐवजी 'इन्हेनिएरो' म्हणून हाक मारतात, लाडाने 'इन्हे'. लग्न असो, मयत असो, 'इन्हे आला, इन्हेला खुर्ची द्या.' आपल्याकडे 'इंजिनेर साहेब' म्हणतात ना, अगदी तसं. निम्मं कौतुक, निम्मी टोचणी.

इन्हेचं घर रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्यात, टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला. आईबाप शेतमजूर. एप्रिल लागला की अख्खं घर पिकअपमध्ये बसून मिशिगनला जायचं. आधी बीट खुरपायचं, मग चेरी, मग काकड्या. ऑक्टोबरात परत. शाळा दोन्हीकडे अर्धवट. त्याने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही प्लांटच्या गेटबाहेर टाको खात होतो. मी म्हटलं, अरे बाबा, दिवाळी झाली की आमच्या नंदुरबारची माणसं ट्रक भरून गुजरातेत ऊसतोडीला जातात, पोरं पटावर असतात आणि बाकावर नसतात. त्याला पटेना. भारतातून येणारा प्रत्येक जण संगणकवाल्याचा पोरगा असतो अशी त्याची समजूत. मोबाईलवर फोटो दाखवले तेव्हा गप्प झाला.

त्यांच्यात होसे हर्नांडेझ हे नाव घरोघरी माहीत. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुराचा मुलगा, जन्म १९६२ चा. घर मेक्सिकोतल्या मिचोआकानमधून पिकांच्या मागे यायचं-जायचं. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत इंग्रजी धड नाही. दुसरीच्या बाईंनी घरी येऊन आईबापांना समजावलं की एका जागी राहा, आणि घर स्टॉकटनला टिकलं. पुढे इंजिनिअर झाला. नासाने अकरा वेळा नाकारलं, बाराव्यांदा घेतलं, आणि २००९ मध्ये डिस्कव्हरी यानातून तो अवकाशात गेला. ह्यूस्टनचं जॉन्सन स्पेस सेंटर तर मी तिथे असताना एलन ओचोआ या लॅटिना बाईंच्या हाताखाली होतं. १९९३ ला अवकाशात गेलेली पहिली लॅटिना त्याच, आणि २०१३ ते २०१८ त्या केंद्राच्या संचालक. इन्हेच्या पोरीच्या खोलीत दोघांचे फोटो. पण इन्हे मला म्हणायचा, फोटो पोरीसाठी ठीक आहे, मला कॉलेजात तारलं ते कपाटाने.

कपाटाची गोष्ट सांगतो, त्याआधी माझी.

मी १९९६ ला पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो. ड्रॉईंगच्या पहिल्या तासाला सगळ्यांनी पिशवीतून मिनी ड्राफ्टर काढला, शीटवर रेषा आखायचं पट्ट्यांचं साधन. मी बारकी पट्टी आणि शाळेची कंपासपेटी काढली. ड्राफ्टर नावाची वस्तू असते हेच मला ठाऊक नव्हतं. घरी पत्र लिहायची लाज वाटली. वडिलांनी फीसाठी केळीची पिलबाग आधीच व्यापाऱ्याला तोडून दिली होती. तीन महिने शेजाऱ्याची शीट झाल्यावर त्याचा ड्राफ्टर मागायचा आणि रात्री मी काढायचो. ड्रॉईंगला एटीकेटी लागली. दुसऱ्या सत्रात यावल तालुक्यातला एक सीनियर मेसमध्ये भेटला, बोलण्यावरून ओळखलं. अहिराणीत म्हणाला, "कथाना शे रे तू?", कुठला रे तू? दुसऱ्या दिवशी स्वतःचा ड्राफ्टर आणून दिला. एका पट्टीचा आकड्यांचा रंग पार उडालेला, स्क्रूला दोरा गुंडाळलेला. त्यालाही तो कुणीतरी दिलेला होता. मी पुढच्याला दिला. कुठवर गेला माहीत नाही.

आता इन्हे. तिकडे कॉलेजात गणिताला ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो, शंभर डॉलरच्या आसपास. हा पहिल्या परीक्षेला किराणा दुकानातला कॅल्क्युलेटर घेऊन बसला. नापास. तेव्हा वरच्या वर्षाची एक मुलगी त्याला संघटनेच्या खोलीत घेऊन गेली. तिथे एक लोखंडी कपाट, त्यात पंधरा-वीस कॅल्क्युलेटर, जुनी पुस्तकं, मुलाखतीला घालायचे तीन कोट आणि चार टाय. वही ठेवलेली. नाव लिहा, घेऊन जा, सत्र संपलं की परत आणा. कपाटाला कुलूप नव्हतं.

ती संघटना म्हणजेच तुमच्या कॉलवरच्या बाईंची असावी, हिस्पॅनिक (लॅटिनोंनाच तिकडे असंही म्हणतात) प्रोफेशनल इंजिनिअरांची सोसायटी. १९७४ ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली, आणि सुरू करणारे कोण, तर त्या शहराच्या नगरपालिकेत नोकरी करणारे इंजिनिअर. मोठे उद्योगपती नव्हेत. आपल्या नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातल्या चार ओव्हरसियरांनी मनावर घेतल्यासारखं. आता कॉलेजाकॉलेजात शाखा आहेत.

त्यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट 'नोचे दे सिएन्सियास', विज्ञानाची रात्र. शाळेत संध्याकाळी, आईबापांना घेऊन. नुसत्या पोरांना बोलवत नाहीत, ही खुबी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाळलेल्या स्पगेटीच्या काड्या आणि मार्शमॅलोचा ढीग देऊन एका टेबलावर बसवलं. त्यातून मनोरा उभा करायचा. माझ्या टेबलावर नऊ-दहा वर्षांची मुलगी, तिची आई, आणि थेट कामावरून आलेला बाप. ड्रायवॉलचं, म्हणजे आतल्या भिंतींना जिप्समचे तक्ते ठोकायचं काम करणारा. केसांत, भुवयांवर, बुटांवर पांढरी भुकटी. खुर्चीवर बसेना, खुर्ची खराब होईल म्हणून. पोरीचा मनोरा दोनदा कोसळला. तेव्हा बापाने उभ्याउभ्याच हात पुढे केला आणि खालच्या चौकटीत एक तिरकी काडी घातली. मग दुसऱ्या बाजूला एक. मनोरा उभा राहिला. इन्हे तिथे येऊन स्पॅनिशमध्ये त्याला म्हणाला, हे तुम्ही रोज करता, याला आमच्या पुस्तकात ब्रेसिंग म्हणतात, आम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवतात. बाप हसला आणि मग खुर्चीवर बसला.

त्याच हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात लॅपटॉप लावून दोन जण कॉलेजच्या सरकारी मदतीचा फॉर्म भरून द्यायला बसलेले. तो फॉर्म म्हणजे आपल्या सरकारी शिष्यवृत्तीची महाडीबीटीच समजा. आईबापांचं उत्पन्न, कराचे कागद, तारखा. पोरं हुशार असतात, अडतं ते फॉर्मात. तुमच्या त्या मुलीचं नेमकं तेच झालं. तिला शाल नको होती, तहसीलच्या रांगेत एक दिवस उभा राहणारा दादा हवा होता. तुम्हाला बोल लावत नाही, मी स्वतः असे दोन सत्कार घेतलेत आणि दोन्ही वेळा भाषण ठोकलंय.

आणखी एक. इन्हेच्या धाकट्या बहिणीला स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांसाठीच्या सरकारी योजनेतून मदत मिळाली. १९७२ ला सुरू झालेली. गंमत अशी की मदत मुख्यतः पहिल्या वर्षाची. राहणं, शिकवणी, विचारपूस करणारा एक माणूस. चारही वर्षं का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, पहिल्या नाताळाला जो घरी जाऊन परत येतो तो पुढे पळत नाही. आपल्याकडेही बघा. दिवाळीच्या सुटीत किती पोरं गाशा गुंडाळतात.

लाईट आली. बाकी नंतर.

उधना_पॅसेंजर

पाटचारी भाऊ, मस्त लिहिलं. पण एक कडू बोलू का?

मी सुरतेत, उधन्याला. आजोबा अमळनेर तालुक्यातून लूमवर आले, वडील लूमवर, मी अकाउंटंट. इथे खान्देशी माणूस लाखांनी आहे. लिंबायत, डिंडोलीकडे गुजराती कमी आणि अहिराणी जास्त ऐकू येते. श्रावणात कानबाईचा सण येतो तेव्हा गावी जाणाऱ्या रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे आपले 'लॅटिनो' आम्हीच.

पण जो शिकतो तो पहिलं काय करतो? फ्लॅट घेतो, तोही उधन्याच्या पलीकडे. पोरांशी अहिराणी बंद. मंडळात येतो तो आरतीपुरता. आणि मंडळंही कोणती? याचं वेगळं, त्याचं वेगळं, ज्याच्या त्याच्या समाजाचं. तुमच्या मेक्सिकोवाल्यांत शिकलेले परत फिरून बघतात हे मला जरा गोडगोड वाटतंय. आणि पैसा? कपाट भरायलाही पैसा लागतो.

पाटचारी

गोडगोड नाहीये जिभाऊ, तुम्ही बरोबर बोट ठेवलं.

तिकडेही जो वर चढतो तो उपनगरात जातो, पोरांची नावं इंग्रजी ठेवतो. इन्हेचा सख्खा मामेभाऊ असाच. आणि त्यांच्याकडेही आपल्या गुणगौरवाचा बाप आहे: गाला डिनर. काळे कोट, टेबल हजारो डॉलरचं, पडद्यावर कंपन्यांचे लोगो, पाच जणांना काचेचे पुरस्कार. मी एकदा गेलो. तिथे वाढणारे सगळे लॅटिनो होते आणि इन्हे अर्धा वेळ त्यांच्याशीच बोलत होता. बायको वैतागली.

पण पैशाचं गणित त्यांनी चोख बसवलंय. वार्षिक अधिवेशनात नोकरीचा मेळा भरतो. मोठ्या कंपन्या स्टॉल लावतात, जागेवर मुलाखती घेतात. कंपनीला होतकरू पोरं एका छताखाली मिळतात म्हणून ती पैसे मोजते, दानधर्म म्हणून नव्हे. त्यातून शाखांची कामं चालतात. आपण वर्गणी मागतो ती 'समाजाचं ऋण' म्हणून. ऋण माणूस एकदा फेडतो आणि मग फोन उचलत नाही.

गावाकडे पैसा पाठवायचं प्रकरण वेगळं. मेक्सिकोच्या साकातेकास राज्यातल्या लोकांनी अमेरिकेत गावागावाची मंडळं काढली, अगदी तुमच्या सुरतेतल्यासारखी. त्यांच्या एका डॉलरमागे गावची पालिका एक, राज्य एक आणि केंद्र एक असे तीन घालायचे. २००२ पासून ती योजना मेक्सिकोभर लागू झाली. रस्ते, पाणी, शाळेच्या खोल्या झाल्या. चर्चची दुरुस्ती आणि घोड्यांच्या खेळाची मैदानंही झाली, कारण माणसाला गावात नाव लागायला हवं असतं. आपल्या मंदिरांच्या पायऱ्यांवर कशी नावं कोरलेली असतात? पुढे मेक्सिकोच्या सरकारने हात आखडता घेतला आणि ते थंडावलं. म्हणून सरकारी जोडीवर फार भिस्त ठेवू नये असं माझं मत.

आणि समाज-समाजाचं जे म्हणालात, ते खरं दुखणं. 'लॅटिनो' हा शब्दही वरून चिकटलेला आहे, क्युबाच्या माणसाला विचाराल तर तो आधी क्युबन. पण कपाटाच्या वहीत कुणी देश लिहीत नव्हतं. नाव, वर्ष, फोन. आपल्या गुणगौरवाच्या बॅनरवर वर काय लिहिलेलं असतं, तुम्हाला माहीत आहे. बुराईकाठ ताईंचा ग्रुप तालुक्याचा आहे, ही मोठी गोष्ट आहे. ते मोडू देऊ नका. मोडायला बघतील.

सातपुडा_गुरुजी

मी धडगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. दोन-तीन दिवस वाचतोय.

तुम्ही सगळे बारावी आणि इंजिनिअरिंगचं बोलताय. माझ्याकडे पहिलीत येणारं पोर घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतं. पुस्तक मराठीत. 'आई' शब्द वाचतं, पण घरी आईला तसं म्हणत नाही. दोन वर्षं ते नुसतं बघत बसतं आणि आपण म्हणतो कच्चं आहे. तुमच्या त्या लोकांत याचं काही केलंय का कुणी?

पाटचारी

गुरुजी, केलंय, आणि करणारी सतरा वर्षांची पोरगी होती.

टेक्सासमध्ये स्पॅनिश बोलणारी पोरं पहिलीत यायची, बाई इंग्रजीत बोलायच्या, पोरं नापास. त्याच वर्गात दोन-दोन, तीन-तीन वर्षं. ह्यूस्टनमध्ये फेलिक्स तिहेरिना नावाचे मेक्सिकन खाणावळवाले होते. स्वतः फार न शिकलेले, पण रेस्टॉरंटं चालवून मोठे झालेले. 'लूलाक' म्हणून लॅटिनोंची जुनी संघटना आहे, १९२९ ची, तिचे ते राष्ट्रीय अध्यक्ष झाले. त्यांनी कल्पना काढली की पहिलीत जाण्याआधी उन्हाळ्याच्या सुटीत पोरांना नेमके ४०० इंग्रजी शब्द शिकवायचे. पाणी, शू, पेन्सिल, बस, उभा राहा. जेवढ्यावर वर्गात निभाव लागेल तेवढे. १९५७ ला गनाडो नावाच्या गावात इसाबेल व्हर्व्हेर या शाळकरी मुलीने पहिला वर्ग घेतला. सुरुवातीला तीन पोरं होती, मग चाळीसच्या वर गेली. दोन वर्षांत टेक्सासच्या विधिमंडळाने तशा वर्गांचा कायदा केला. '४०० शब्दांची छोटी शाळा' म्हणून अजून ओळखतात.

खोट पण सांगतो. त्या काळी टेक्सासच्या शाळेत स्पॅनिश बोललं तर मार आणि दंड होता. ४०० शब्द शिकवले ते पोराने स्पॅनिश दाराबाहेर ठेवावी म्हणून. इन्हेच्या वडिलांनी तो मार खाल्लेला, म्हणून त्यांनी मुलांशी मुद्दाम मोडकं इंग्रजी बोललं. इन्हे चाळिशीत क्लास लावून स्पॅनिशचं व्याकरण शिकला, आईला नीट पत्र लिहावं म्हणून. मी पुण्यात पहिल्या वर्षी 'मी ऱ्हायनो' म्हटलं तर हॉस्टेलची पोरं आठवडाभर तेच म्हणत होती. नंतर मी तिथे अहिराणीत तोंड उघडलं नाही, त्या यावलच्या सीनियरजवळ सोडून.

तेव्हा शब्दांची यादी करा, पण दोन रकान्यांची, एकात मराठी, एकात पावरी. शक्य असेल तर तुमच्याच शाळेतून दहावी झालेली पावरी मुलगी बसवा त्या वर्गाला. तिचं मानधन किती होईल ते इथे लिहा.

सातपुडा_गुरुजी

यादी माझ्याकडे आहे. पाच वर्षांपासून करतोय, वहीत, १८० शब्द झालेत. 'वर्ग' या शब्दाला पावरीत काय म्हणावं यावर अडलोय. पोरं म्हणतात त्याला शब्दच नाही, 'घर' म्हणा.

मुलगी आहे एक. मे महिन्यात मोकळी असते, जर घरचे कामाला गुजरातेत घेऊन गेले नाहीत तर. मजुरी बुडते ती भरून दिली तर थांबेल. वडिलांशी बोलतो.

निवृत्त_गार्ड_भुसावळ

गुरुजी, आकडा टाका. पेन्शन येते, पोरं पैसे मागत नाहीत. आणि मी मंगळवार-शुक्रवार रिकामाच असतो, कुणाला दाखल्यासाठी तहसीलला उभं राहायला माणूस लागला तर सांगा. रांगेत उभं राहायची मला सवय आहे. फक्त भुसावळ तालुका, गुडघा दुखतो.

बुराईकाठ

सगळे प्रतिसाद ग्रुपवर टाकले. अपेक्षेप्रमाणे दोघे सोडून गेले. एकाने लिहिलं, "सत्कार बंद केला तर पोरांना प्रोत्साहन कसं मिळणार?" खरं म्हणजे त्याचा स्वतःचा सत्कार यंदा ठरला होता.

उरलेल्यांचं ठरलंय ते असं. यंदा मंडप नाही. निकालानंतरचे तीन रविवार दोंडाईच्यात आमच्याच एकाच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅपटॉप घेऊन बसायचं. आईबापांना सोबत आणा असं सांगायचं. नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणीचे अर्ज मात्र त्याआधी, जानेवारीतच अकरावी-बारावीच्या वर्गांत जाऊन भरून घ्यायचे, हे मी पदरचं घातलंय. त्या मुलीलाच विचारलं, बसशील का आमच्याबरोबर? सगळ्यात जास्त तिलाच माहीत आहे काय काय चुकतं. आधी नाही म्हणाली. काल रात्री मेसेज आला, "ताई, मी येईन, पण स्टेजवर बोलावू नका."

आणि कपाट. झेरॉक्सवाला म्हणतो, मागच्या खोलीत एक आहे, दार लागत नाही.

दादा, आता बऱ्याच कॉलेजांत ऑटोकॅड आलंय, पण आमच्या ग्रुपवर विचारलं तर पहिल्या वर्षी शीट अजून हातानेच काढावी लागते म्हणतात. कुणाकडे जुने ड्राफ्टर पडलेत का?

उधना_पॅसेंजर

माझ्याकडे ड्राफ्टर नाही, पण सीए फाउंडेशनची पुस्तकं आहेत, दोन वर्षांपूर्वीची. हिशेब तोच आहे. रविवारच्या गाडीने पाठवतो, कुणीतरी स्टेशनला या.

पाटचारी

दार लागत नसेल तर उत्तमच.

भाचा कॉलेज संपवून आलाय, त्याचा एक ड्राफ्टर आहे, कोरा करकरीत. दुसरा मी जळगावच्या जुन्या बाजारात शोधतोय. एक मिळाला होता, पण त्याचा स्क्रू फिरत राहतो, घट्ट बसत नाही. दोरा गुंडाळला तर चालेल का विचारून सांगा.